५०० ग्रेनचे म्हणून विकलेले १२ बाण

माझं धनुष्य पारंपरिक, २८ इंच ओढीला ५० पौंडांचं, म्हणजे दोरी तेवढी ओढायला ५० पौंडांचा जोर लागतो. शिकारीसाठी त्या जोराच्या दर पौंडामागे बाणाचं वजन १० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) धरलं की ५०० ग्रेनचा बाण, हे मला कुणी शिकवायला नको. ११ वर्षं धनुष्य ओढतोय, म्हणूनच जास्त झोंबलं.

जाहिरात होती: सीडारच्या लाकडाचे १२ बाण, प्रत्येकी ५०० ग्रेन, आपसात फरक १० ग्रेनच्या आत, टोक १२५ ग्रेनचं. काट्यावर एकच बाण ठेवलेला फोटो, आकडा ५०१. (बाराच्या बारा बाणांचे आकडे मागा. एकाचा फोटो कुणीही काढतो.) पूर्ण पैसे आधी भरले. हंगाम तोंडावर होता, तयार संच दुसरीकडे मिळत नव्हता. करणार काय?

पार्सल आलं तेव्हाच कळायला हवं होतं. लेबलवर स्वच्छ छापलेलं, वजन ३७० ग्रॅम. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे नुसते १२ बाणच ३८९ ग्रॅम भरायला हवेत, वेष्टण वेगळं. एवढासा हिशोब! मी ते लेबल वाचलं, फाडलं आणि टाकून दिलं. तुम्ही लेबल फेकू नका.

नवव्या दिवशी ग्रेन दाखवणारा काटा मिळाला. स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, त्यात १ ग्रॅमची चूक म्हणजे १५ ग्रेन गेले. सर्वांत हलका बाण ३९१, सर्वांत जड ४६८, टोकं १०० ग्रेनची. ३९१ म्हणजे पौंडामागे ८ सुद्धा नाहीत! एवढे हलके बाण सोडताना हाताला झिणझिण्या येत होत्या, वजन सारखं नसल्यानं २० यार्डांवर एक वर लागे, एक खाली, आणि मी आठवडाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. असा बाण जनावराच्या भलत्या जागी लागला असता तर ते तडफडत लांब गेलं असतं. मी हंगाम सोडला.

परत घ्यायची मुदत ७ दिवसांची, ती संपलेली. बँक म्हणाली, वस्तू पोचली ना? वजनमापवाले म्हणाले, बाण नगावर विकतात, वजनावर नाही, आमच्याकडे येत नाही. अहो, वजन सांगूनच तर विकले! पोलिसांनी तीन खेपा घालायला लावल्या, अर्ज दोनदा लिहून घेतला आणि शेवटी विचारलं, पार्सलचं लेबल कुठंय?

टोक, दांडा, पिसं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) मिळून वजन किती, ते लेखी घ्या. काही जण नुसत्या दांड्याचा आकडा सांगतात.

जाहिरात अजून आहे. फोटो तोच, ५०१.