कळंबा रोडवरच्या नर्सरीतला जरबेरा

जरबेरा घ्यायचा असेल तर कळंब्याकडं जाताना जी शेडनेटची नर्सरी लागते तिथून डोळे झाकून घ्या. कोल्हापुरात कुंडीतला जरबेरा बऱ्याच ठिकाणी मिळतो, फुलं लागलेला, एकदम टवटवीत, पण घरी आणला की थोड्याच दिवसांत मधला कोंब काळा पडून झाड बसतं आणि बहुतेक वेळा कारण एकच, क्राऊन मातीत गाडलेला असतो. क्राऊन म्हणजे जिथून सगळी पानं फुटतात तो गड्डा. इथं प्रत्येक कुंडीत तो मातीच्या वर उघडा ठेवलेला दिसला. माती पण काळी नाही, लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस, पॉलिहाऊसवाले बेडला वापरतात तसंच. आपली काळी माती उसाला सोनं आहे पण जरबेराला नको, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात.

नर्सरीवाले काका स्वतः झाड हातात घेऊन सांगतात. "पाणी कडेनं घाला ताई, मधी नको. आणि फूल कात्रीनं कापायचं नाही, देठ पार खाली धरून जरा पिरगाळून काढायचं." कापलं तर खाली खुंट राहतो, तो कुजतो आणि कूज थेट क्राऊनमध्ये उतरते. एवढं समजावून सांगणारं दुकान मला तरी दुसरं भेटलेलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

मी केशरी घेतला, मधे काळपट डोळा असलेला. जवळून बघा एकदा, ते एक फूल नसतंच, शेकडो बारकी फुलं गच्च बसलेली असतात आणि ती बाहेरून आत ओळीनं उमलत जातात. बाहेरच्या दोन-तीन ओळींत पिवळे पराग दिसले की फूल काढायला तयार, त्याआधी काढलं तर फुलदाणीत मान टाकतं. फुलदाणीत पाणी पण थोडंच ठेवायचं, देठ लवदार असतो, लवकर सडतो.

किंमत १८० रुपये, जरा जास्त वाटेल पण झाड जगतंय ना. खटकलं एवढंच की फूल नसलेल्या कुंड्यांवर रंगाचं लेबल नाही, तेव्हा फूल लागलेलंच निवडा. मूळचं हे साऊथ आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातलं झाड, आपला जुलैचा पाऊस त्याला झेपत नाही, पावसाळ्यात पत्र्याखाली उजेडात ठेवा. नवीन घ्यायचं तर दिवाळीच्या आसपास जावा, आणि रविवार सोडून जावा, रविवारी काकांना बोलायला पण वेळ नसतो.