गरजांचा शोध अस्सल, आराखडा मात्र उसना : शाळेसाठी घेतलेल्या एका सल्लासेवेचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमची संस्था पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा चालवते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नेमकी गरज तपासून पुढील पाच वर्षांचा विकास आराखडा करून देण्याचे काम गेल्या वर्षी आम्ही पुण्यातील एका खासगी सल्लागार संस्थेला दिले. मुदत चार महिन्यांची आणि शुल्क एक लाख चाळीस हजार रुपये ठरले. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ते भागले. संस्थेचा सहसचिव या नात्याने मी प्रत्येक टप्प्यावर हजर होतो, म्हणून इतर संस्थाचालकांच्या माहितीसाठी हे लिहीत आहे.

बाहेरच्यांना बोलावण्यामागे कारण होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मधील शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो; परंतु अनुदानित शाळांतील ही समिती २०१२ च्या दुरुस्तीपासून केवळ सल्ला देण्यापुरती असल्याने आमच्याकडे तो विषय इतिवृत्तातील दोन ओळींत आटोपत असे. दुसरीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, आणि हे तास कशावर घालवायचे ते ठरलेले नसेल तर हजेरीपत्रकावरच्या सह्यांपलीकडे हाती काही लागत नाही, हे आम्ही दोन-तीन वर्षे पाहत होतो.

कामाची सुरुवात निराशाजनक झाली. सर्व शिक्षकांना एक गुगल फॉर्म पाठवण्यात आला आणि बत्तीस विषयांच्या यादीतून ‘आपणास हवे असलेले प्रशिक्षण’ निवडण्यास सांगण्यात आले. अपेक्षेप्रमाणे स्मार्ट बोर्ड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांत वर आले. बारा वर्षांची सेवा पूर्ण होत आलेल्या एका शिक्षकांनी तर यांतले कोणते प्रशिक्षण वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी धरले जाईल, असे विचारून मगच खूण केली, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. प्रश्नच तसा होता. गरज म्हणजे आजचे निष्पन्न आणि अपेक्षित निष्पन्न यांतील अंतर, तर प्रशिक्षण हा त्यावरच्या अनेक उपायांपैकी एक, हा भेद गरजनिश्चितीचे अमेरिकी अभ्यासक रॉजर कॉफमन यांनी फार पूर्वी मांडलेला आहे. त्या फॉर्ममध्ये मुलांना काय येते आणि काय येत नाही याविषयी एकही प्रश्न नव्हता.

दुसरा टप्पा मात्र पूर्ण शुल्काच्या तोडीचा होता. त्यांच्या एक सल्लागार बाई, ज्यांनी स्वतः अनेक वर्षे गणित शिकवले आहे, तीन दिवस शाळेत राहिल्या, शेवटच्या बाकावर बसून तास पाहिले आणि आदल्या वर्षीच्या नववीच्या वार्षिक परीक्षेच्या बीजगणिताच्या अठ्ठावन्न उत्तरपत्रिका मागून घेतल्या. शिक्षक खोलीतील मोठ्या टेबलावर आमच्या गणिताच्या सरांना शेजारी बसवून त्यांनी गुणांकडे न पाहता चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे गठ्ठे लावायला घेतले. दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या उदाहरणात सर्वांत मोठा गठ्ठा एकाच चुकीचा निघाला: समीकरणे एकाखाली एक मांडून वजाबाकी करताना मुलांनी खालच्या समीकरणातील पहिल्या पदाचे चिन्ह बदलले होते आणि उरलेल्या पदांची तशीच ठेवली होती. पद्धत पाठ होती, ऋण संख्येची वजाबाकी कच्ची होती. ‘मुले सरावच करत नाहीत’ असे वर्षानुवर्षे सांगणारे आमचे सर तो गठ्ठा हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते स्वतःच सहावीच्या वर्गावर जाऊन आले. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी तिथे शिकवली जाते, आणि आमच्याकडे तो विषय गणिताची पदवी नसलेल्या, पण अतिशय कष्टाळू अशा बाईंकडे आहे. नववीच्या निकालाची गरज सहावीच्या वर्गात सापडली; फॉर्ममधून ती कधीच बाहेर आली नसती.

तिसरा टप्पा नियोजनाचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत रंगीत चिठ्ठ्यांवर बलस्थाने, उणिवा, संधी आणि आव्हाने लिहून भिंत भरली, आणि ध्येयवाक्यात ‘सर्वांगीण’ म्हणावे की ‘समग्र’ यावर अर्धा दिवस गेला. पालकांच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला. संध्याकाळी सहाला ऑनलाइन उजळणी घेण्याचा मुद्दा पडद्यावर येताच एका आईने त्या वेळी घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर शेतावर असतो असे सांगितले. मुद्दा तरीही आराखड्यात कायम राहिला.

हा आराखडा चौऱ्याऐंशी पानांचा आहे, छपाई देखणी आहे, आणि त्यातील मोठा भाग दुसऱ्या कुठल्या तरी शाळेसाठी लिहिलेला असावा. आमच्याकडे नसलेल्या स्कूल बसच्या फेऱ्यांचे नियोजन त्यात होते. त्याहून गंभीर बाब अशी की दुसऱ्या वर्षी दोन विषय शिक्षक वाढवावेत, असे सुचवताना अनुदानित शाळेतील पदे पटानुसार संचमान्यतेने, म्हणजे शिक्षण विभागाच्या पदमंजुरीने, ठरतात आणि भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलमार्फत होते, याचा मागमूसही नव्हता. आमचा पट घसरत असताना पद वाढण्यापेक्षा एखादे शिक्षक अतिरिक्त ठरण्याची धास्ती अधिक आहे. आम्ही लेखी आक्षेप घेतल्यावर आठवड्याभरात बसचे पान गेले, पण शिक्षकांचा मुद्दा ‘स्वनिधीतून’ एवढा शब्द वाढवून तसाच राहिला. वेतनेतर अनुदानाची, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांची, वाट पाहत खडूची खरेदी पुढे ढकलणाऱ्या शाळेला स्वनिधीची आठवण करून देणे हा विनोदच म्हणायचा.

मूल्यमापनाचे आश्वासनही अर्धेच पाळले गेले. प्रस्तावात प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या चारही पातळ्या नमूद होत्या, म्हणजे प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तनातील बदल आणि परिणाम. प्रत्यक्षात ‘सत्र कसे वाटले’ हा अभिप्राय अर्ज भरून घेऊन पहिल्याच पातळीवर काम थांबले.

वागणुकीबद्दल तक्रार नाही. माणसे वेळेवर येत आणि देयकात छुपा खर्च नव्हता. अशी सेवा घ्यायची असेल, तर गरजनिश्चिती आणि आराखडा या दोन भागांचे दर वेगवेगळे मागवावेत, उत्तरपत्रिका आणि वर्गनिरीक्षण यांचे दिवस करारात आकड्यांत लिहून घ्यावेत आणि आराखड्याचा कच्चा मसुदा मुख्याध्यापकांबरोबरच संचमान्यतेचे काम पाहणाऱ्या लिपिकालाही वाचायला द्यावा. आम्ही यांतले काहीच केले नव्हते. यंदा त्याच बाईंना फक्त दोन दिवसांसाठी, विज्ञानाच्या उत्तरपत्रिका घेऊन, पुन्हा बोलावले आहे.