डोलत्या होडीसाठी ओपनफोम: तीन महिने वापरून

मी रत्नागिरीचा. पावसाळी बंदीत काकांची फायबरची होडी वर ओढून ठेवली होती तेव्हा टेप लावून तिची सगळी मापं घेतली आणि लाटेवर ती किती डोलते ते काढायला ओपनफोम घेतलं, म्हणजे पाण्याचा, हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणिताने काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, 2004 पासून सोर्स उघडा आहे, लायसनचा प्रश्नच नाही. पाचपैकी साडेचार देईन.

खरी परीक्षा मेश हलवताना. मेश म्हणजे होडीभोवतीच्या पाण्याहवेचे छोटे तुकडे पाडून केलेलं जाळं, त्यातला एकेक तुकडा म्हणजे सेल. होडी वरखाली झाली की आजूबाजूचे सेल एकीकडे ताणतात, दुसरीकडे चेपतात, आणि एखादा सेल उलटा होऊन त्याचं आकारमान निगेटिव्ह आलं की बहुतेक वेळा रन, म्हणजे चालू असलेलं गणित, तिथेच बसतो. यात इनर डिस्टन्स आणि आउटर डिस्टन्स असे दोन आकडे द्यायचे, होडीपासून आतल्या अंतरापर्यंतचे पॉईंट (सेलचे कोपरे) होडीबरोबर जसेच्या तसे जातात, बाहेरच्या अंतरापलीकडचे जागचे हलत नाहीत, म्हणजे सगळा ताण मधल्या पट्ट्यावर. मी सुरवातीला हा पट्टा फार अरुंद ठेवला होता, होडी जरा जास्त कलली आणि पॅराव्ह्यूमधे (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) बघतो तर तिथले चौकोन ओलं जाळं पिळल्यासारखे झालेले. पट्टा रुंद केला, बाकी काही बदललं नाही, तीच केस (तोच मांडलेला हिशोब) शेवटपर्यंत गेली!

होडी पार उलटते का ते बघायचं असेल, किंवा सुकाणू फिरवायचं असेल, तर मात्र ओव्हरसेट घ्या. होडीची मेश वेगळी, समुद्राची वेगळी, एकावर एक ठेवायच्या, कितीही फिरवा एकही सेल ताणत नाही. पण दोन्ही मेशच्या मधे आकडे इंटरपोलेट होतात, म्हणजे एकीचे आकडे दुसरीच्या शेजारच्या सेलवरून अंदाजाने काढले जातात, त्यात पाण्याचा हिशोब थोडा इकडेतिकडे होतो, वेळही जास्त लागतो, आणि जिथे दोन मेश एकमेकांवर येतात तिथे सेल साधारण एकाच मापाचे लागतात. हे ओपनसीएफडी या कंपनीच्या ओपनफोम व्हर्जनमधे 2017 च्या व्ही1706 ला आलं. ओपनफोमच्या शाखा वेगवेगळ्या आहेत, डाऊनलोड करताना तेवढं बघून घ्या.

आणि आपल्याकडे पावसात लाईट जाते त्यावर मला हे फार आवडलं, जेवढ्या वेळाचे फोल्डर सेव्ह झालेत त्यात हललेल्या मेशचे पॉईंटसुद्धा असतात, लेटेस्ट टाइमपासून सुरू करा म्हटलं की होडी कललेली होती तशीच पुढे चालू होते. एकदा रात्री अडीचला लाईट गेली, सकाळी उठून परत लावलं, फक्त शेवटच्या सेव्हनंतरचं तेवढं गेलं.

नवीन असाल तर ट्युटोरियलमधली फ्लोटिंग ऑब्जेक्टची केस आधी चालवा, तिचे दोन अंतरांचे आकडे बदलून मेश कशी ताणते ते डोळ्याने बघा, मग आपली होडी घाला.