कॉम्प्युटरचा आय-थ्री प्रोसेसर काढून आय-सेव्हन ३७७० टाकला, त्याला आता नऊ महिने झाले

गेल्या गणपतीच्या आधी टाकला होता, अख्खी लग्नसराई याच्यावर काढली, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं किंवा नुसत्या शिव्या.

माझं डीटीपीचं दुकान आहे, पत्रिका, फ्लेक्स, आणि हल्ली आमंत्रणाचे व्हिडिओ. मशीन जुनं, एच६१ मदरबोर्ड, आय-थ्री २१२०, ८ जीबी रॅम. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालायचं, पण फोटोशॉप आणि क्रोम सोबत उघडलं की कस्टमरला चहा सांगावा लागायचा. नवीन मशीनचं कोटेशन घेतलं, विशेषतः रॅमचे भाव ऐकून गप्प बसलो. मुंबईला मेहुणा असतो, त्याने लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ३७७० आणून दिला, २,८०० रुपये. सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) एकच, ११५५, म्हणलं काढायचा आणि बसवायचा, दहा मिनिटांचं काम.

दोन दिवस गेले.

बसवला, पंखा फिरतोय, लाइट लागतेय, स्क्रीन काळी. मेहुण्याला फोन करून नको ते बोललो, त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं. नंतर रिपेअरिंगवाल्या पोराने विचारलं, दादा बायोस कधीचं आहे? बायोस म्हणजे बोर्डातला मशीन चालू करणारा प्रोग्राम. तेव्हा कळलं की २१२० सेकंड जनरेशनचा आणि ३७७० थर्डचा, २०१२ सालचा, माझ्या बोर्डाचं बायोस त्याच्या आधीचं, मग बोर्ड त्याला ओळखणार कसा. म्हणजे आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करायचं आणि मग नवीन बसवायचा, मी उलटं केलं. परत आय-थ्री बसवला. पण बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच मेला समजा, आणि आमच्याकडे लाइटचा काय भरवसा, दुकानातला यूपीएस तर नावालाच, म्हणून सीपीयू उचलून घरी नेला (आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्यामुळे 'सीपीयू बदलला' सांगितलं की बायकोला वाटलं नवीन डबा आणला) आणि इन्व्हर्टरवर लावून पेनड्राइव्हवरून अपडेट मारलं. तीन-चार मिनिटंच लागली असतील पण पट्टी सरकताना मी श्वास रोखून बसलो होतो. नंतर ३७७० टाकला, डिस्प्ले आला, मेहुण्याला सॉरीचा फोन केला.

पुढची भानगड कूलरची, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पंख्याची. प्रोसेसरबरोबर कूलर नव्हता म्हणून जुनाच चढवला, आय-थ्रीवरचा, बुटका, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचा. आय-थ्री ६५ वॅटचा, हा ७७ वॅटचा, फार फरक नाही असं मला वाटलं. व्हिडिओ रेंडरला (फायनल फाइल बनवायला) लावला तर टेंपरेचर ९८, पंखा गिरणीसारखा ओरडतोय. उघडून बघितलं तर कूलरच्या चारपैकी एक पाय बसलाच नव्हता, नुसता टेकलेला. त्या काळ्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक' आवाज आलाच पाहिजे, आणि बोर्ड उलटा करून चारही टोकं पलीकडे आलीत का ते डोळ्याने बघायचं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवीन तुरीच्या डाळीएवढी लावली आणि तांब्याच्या गाभ्याचा कूलर घेतला ३५० रुपयांचा. आता फुल लोडवर ७२-७५, एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ८२ बघितलंय. आणि हो, ११५५ ला पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या, एक वाकली तर बोर्ड गेला, तेव्हा बोटं लांब ठेवा.

आता कामाचं. दोन मिनिटांचा आमंत्रणाचा व्हिडिओ आधी १४-१५ मिनिटं घ्यायचा, आता सहाच्या आत होतो, आणि तेवढ्यात मी दुसरी पत्रिका लावत बसतो, ही खरी कमाई. प्रोसेसरचे दोन कोअरचे (काम करणाऱ्या भागांचे) चार झाले, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आठ, आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदम सात-आठ ऑर्डरी आल्या तेव्हा ते जाणवलं. कोरलमध्ये मात्र फार अपेक्षा ठेवू नका. त्याची बरीच कामं एकाच कोअरवर चालतात, ३.३ वरून टर्बोत (गरजेला प्रोसेसर आपणहून वाढवतो तो वेग) ३.९ गीगाहर्ट्झ मिळतात तेवढाच फरक. वीस फुटी फ्लेक्समध्ये ड्रॉप शॅडो टाकली की अजूनही थांबावंच लागतं. विंडोज चालू व्हायला तर आधीइतकाच वेळ लागायचा, कारण दोष हार्डडिस्कचा होता. डिसेंबरात एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकला तेव्हा ते सुटलं. एच६१ ला साटा ३ (डिस्क जोडायचं वेगवान पोर्ट) नाही, त्यामुळे सेकंदाला २६०-२७० एमबीच्या वर स्पीड जात नाही, पण हार्डडिस्कच्या मानाने लय भारी. खरं सांगायचं तर ज्याच्याकडे अजून हार्डडिस्क आहे त्याने आधी एसएसडी घ्यावा, प्रोसेसर नंतर.

रॅम ८ च आहे, दोनच स्लॉट, १६ च्या वर बोर्ड घेत नाही. नऊ महिन्यांत हँग एकदाच झालं, तेही रॅम सैल झाली होती म्हणून.

राहिला विंडोजचा विषय. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडून जादा वर्षाचे अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर बँकेचं आणि जीएसटीचं काम पोरीच्या लॅपटॉपवर हलवणार, आणि याची नेटची वायर काढून नुसतं डिझाइनला ठेवणार. पोरगी अजून तयार झालेली नाही.