त्सुमक्वे, नामिबिया: जुहोआन्सी शिकाऱ्यांबरोबरची रानफेरी

सान म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले, परंपरेने शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. त्यांच्यापैकी जुहोआन्सींच्या एका वस्तीवर मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा जूनमध्ये दोन दिवस राहिलो. तिथे नाचगाणी असतात, मणी करायला शिकवतात, तेही छान आहे. पण एकच काही करायचं असेल तर पहाटेची रानफेरीच करा.

निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच पुढे चालणारे शिकारी बाबा थांबले. आम्हाला नुसती वाळू दिसत होती. त्यांनी काडीने एका खुराची कड दाखवली. ती ढासळली होती आणि ठशावरून किड्याच्या पायांची बारीक नक्षी गेली होती. किडे रात्री फिरतात, म्हणजे जनावर त्याआधीच गेलेलं. दुभाष्याने एवढं सांगितलं आणि मुलाने त्यानंतर मोबाइल खिशातून काढलाच नाही.

मग बाण. त्याला पिसं नसतात, टोक तारेचं, ठोकून चपटं केलेलं. विष डायॅम्फिडिया नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांचं. या अळ्या झुडपाच्या मुळाशी खणून काढतात. विष टोकाला लावतच नाहीत, त्यामागच्या दांडीला लावतात. चुकून ओरखडा बसला तर शिकारीच मरेल ना! शिवाय हे विष सावकाश चढतं. मोठं जनावर पडायला दिवसही लागतो, म्हणून खरं कसब नेमबाजीपेक्षा मागावर राहण्यात आहे. हे कुठेतरी वाचलं होतं, पण त्या वाळूत उभं राहिल्यावर पटलं.

फेरीत शिकार होत नाही, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका. लोक स्वतःच्या पोटासाठी मात्र आजही पारंपरिक हत्यारांनी शिकार करतात. त्यांची न्याए न्याए कॉन्झर्व्हन्सी (स्थानिक लोकच सांभाळतात असं वन्यजीव क्षेत्र) 1998 पासून आहे आणि तिथे त्यांना तशी मुभा आहे. शेजारच्या बोत्सवानात सान लोकांना स्वतःच्या जमिनीवर परतण्यासाठी कोर्टात जावं लागलं, 2006 साली ते जिंकले. हे माहीत असलं की बाबांच्या हातातलं धनुष्य वेगळंच दिसतं.

तक्रार एकच, तीही आमच्या बुकिंग एजंटची. त्याने दोन तासांचीच फेरी ठरवली होती. पाखरांचा फास लावायला बाबा मांडीवर तंतू वळून दोर करत होते, आणि तेवढ्यात आम्हाला निघावं लागलं. तुम्ही पूर्ण सकाळ मागून घ्या. मुख्य रस्ता सोडल्यावर त्सुमक्वेपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर खडीचा रस्ता आहे. टाकी भरून घ्या, रोख पैसे ठेवा, जूनमधल्या पहाटेसाठी जाड स्वेटर घ्या. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी ते करणाऱ्या बाईंकडूनच घ्या, घासाघीस न करता.