परसातलं तळं आणि नर्सरीवाल्याचं 'कमळ'

मार्चमध्ये म्हापशाकडच्या एका नर्सरीतून तळ्याच्या खड्ड्यात अंथरायची प्लास्टिकची शीट आणि चार झाडं घेतली, आता पाऊस सरत आला म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, माणूस वाईट नाहीये, फक्त घाईत विकतो.

शीट 500 मायक्रॉनची काळी एचडीपीई, माल चांगला, जरा कडक आहे, कोपऱ्यात घड्या बसवताना घाम काढला. पण माप! 8 बाय 5 च्या खड्ड्याला 10 बाय 7 कापून दिली. अहो खड्डा 2 फूट खोल आहे, दोन्हीकडची खोली कोण धरणार? 8 अधिक 4, वर काठाला दाबायला फूट फूट, म्हणजे 14 बाय 11 लागते. परत नेली तर कुरकुर न करता बदलून दिली, त्याचे मार्क द्यायलाच हवेत. खाली काय घालायचं ते मात्र कोणी बोललं नाही, आणि आपल्याकडे खणलं की चिऱ्याचे कपचे निघतात, सुरीसारखे. वाळू आणि जुनी सतरंजी घातली म्हणून वाचलो.

झाडांच्या कुंड्यांत कोकोपीटच (नारळाच्या सोडणाचा भुसा) जास्त, पाण्यात सोडल्यावर तासाभरात सगळं वर, चहाच्या चोथ्यासारखं. उपसून शेतातला चिखल भरला, वर खडी, तेव्हा कुठे पाणी निवळलं. 'कमळ' म्हणून दिलं त्याच्या पानाला देठापर्यंत चीर, म्हणजे वॉटरलिली. कमळाचं पान अख्खं गोल, देठ मधोमध, थेंब टाकला तर मण्यासारखा पळतो. वर फुकट म्हणून जलपर्णी दिली ती घेऊच नका, मिरगानंतर अर्धं तळं खाल्लं तिने, ओहोळात टाकली तर तिथे पसरणार, म्हणून माडाच्या आळ्यात कुजवली. डासांसाठी गप्पी सोडलेत, ते मस्त.

आणि ती लाल लिली. कळ्या यायच्या, फूल दिसेना. मी पहाटे पाचला अंधारात शिफ्टला जातो, चारला येऊन बघतो तर मिटलेली. फोनवर भांडलोसुद्धा. मग एका रात्री लाईट गेली, टॉर्च घेऊन मागे गेलो तर हे ताटलीएवढं फूल! रात्री फुलणारी जात, सकाळी ऊन चढलं की मिटते. परत फोन केला तर म्हणतो, "हां बाब, तेवढं सांगायचं राहिलं."

5 पैकी साडेतीन.