अपिलाच्या काळात पॅरेंटिंग ऑर्डरला स्टे: ऑस्ट्रेलियन कोर्टाची ही सोय कितपत कामाची?

पॅरेंटिंग ऑर्डर म्हणजे मूल कोणाकडे राहील, कोणाला कधी भेटेल हे ठरवणारा कोर्टाचा आदेश. निकाल विरुद्ध गेला की बहुतेकांची पहिली समजूत अशी, की अपील टाकलं म्हणजे आदेश थांबला. तो थांबत नाही. (भारतातही थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, तरी ही समजूत बॅगेत घालून लोक मेलबर्नपर्यंत नेतात.) स्टे, म्हणजे आदेशाला तात्पुरती स्थगिती, वेगळा मागावा लागतो आणि तो हातात पडेपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी मूल सोपवायचं असेल तर सोपवायचंच. सबळ कारण नसताना अडवून ठेवलं तर समोरचा पक्ष आदेशभंगाचा अर्ज करू शकतो, नाहीतर पोलिसांकरवी मूल परत आणायला रिकव्हरी ऑर्डर मागतो. शिवाय स्टे मागणाऱ्याची बाजू तिथेच लंगडी पडते.

ही सोय देणारं फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया १ सप्टेंबर २०२१ पासून सध्याच्या रूपात आहे. पर्थकरांचं मात्र वेगळं: वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला स्वतःचं फॅमिली कोर्ट आहे, त्यांनी तिथले नियम पाहावेत.

आधी अपिलाची नोटीस. मुदत २८ दिवस, आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजायची. निकालाची प्रत कधी वाचली त्याच्याशी तिचा संबंध नाही. सगळं ऑनलाइन पोर्टलवरून दाखल होतं, ही खरी सोय. पण दुपारी साडेचारनंतर चढवलेला कागद पुढच्या कामकाजाच्या दिवशीचा धरतात, त्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री बसून काम उरकणाऱ्यांची फसगत होते. मुदतवाढ मागता येते, मिळेलच असं नाही.

मग स्टेचा अर्ज, म्हणजे ‘ॲप्लिकेशन इन अ प्रोसीडिंग’, सोबत शपथपत्र. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. अपील वरच्या पीठाकडे असतं, पण स्टेचा अर्ज ज्या कोर्टाने आदेश दिला त्याच्याचकडे जातो, आणि सहसा त्याच न्यायाधीशासमोर. अपील लवकर ऐकावं ही विनंती मात्र अपिलाच्या बाजूला करायची. दोन खिडक्या, दोन अर्ज. मुलासाठी स्वतंत्र वकील नेमलेला असेल तर त्यालाही प्रती पोचवायच्या.

न्यायाधीश काय पाहतात, ते २००९ च्या ‘ऑल्ड्रिज अँड कीटन’ निकालात एकत्र मांडलेलं आहे. निकाल बरोबर आहे असं धरूनच सुरुवात होते आणि स्टे का हवा हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. अपिलात दम आहे का, स्टे नाकारला तर अपील निरर्थक होईल का, अपील किती दिवसांत ऐकलं जाईल, मुलाची घडी पुन्हापुन्हा मोडते का, आणि या सगळ्यात मुलाचं हित कशात आहे. त्यामुळे ‘न्यायाधीशांनी माझं ऐकलंच नाही’ यावर पानंच्या पानं भरलेलं शपथपत्र वाया जातं. दम दाखवायला अपिलाचे मुद्दे थोडक्यात पुरतात. शपथपत्रात मधल्या काही महिन्यांत मुलाचं काय होईल ते लिहावं: सध्या कुठे झोपतं, कुठल्या शाळेत जातं, आदेश लागू झाला तर कोणत्या तारखेला काय बदलेल, आणि अपील जिंकलं तर ते उलटवता येईल का.

म्हणूनच ही सोय घडी अजून मोडली नसताना उत्तम चालते. नव्या घरी, नव्या शाळेत मूल सहा आठवडे रुळल्यावर अर्ज केला तर ‘वारंवार बदल नको’ हाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. निकाल ऐकताक्षणी, तिथेच उभं राहून, अर्ज ऐकेपर्यंत थोड्या दिवसांची स्थगिती मागावी. वकील हे विसरतात.

मराठी घरांत कळीचा प्रश्न येतो तो मुलाला पुण्या-नागपूरला कायमचं न्यायच्या परवानगीचा. मुलांच्या अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. मूल विमानात बसलं की अपील जिंकूनही ते परत आणायचा सरळ मार्ग उरत नाही, त्यामुळे ‘अपील निरर्थक होईल’ हा मुद्दा इथे सर्वांत वजनदार. स्टेबरोबरच फेडरल पोलिसांच्या फॅमिली लॉ वॉचलिस्टवर, म्हणजे देशाबाहेर नेताना मुलाला अडवण्यासाठीच्या यादीत, मुलाचं नाव घालण्याचा आदेशही मागून घ्यावा.

सरसकट स्टे मागण्यापेक्षा एखाद्या कलमापुरता मागणं जास्त चालतं: सुट्टीतल्या भेटी चालू, स्थलांतर तेवढं थांबवा. आणि दोघांचं जमत असेल तर कोर्टाची पायरी चढायचीही गरज नाही. दबावाशिवाय केलेला, लेखी, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला पॅरेंटिंग प्लॅन आधीच्या आदेशावर मात करतो, मात्र आदेशातच तसं करायला बंदी घातलेली नाही ना, हे आधी तपासून घ्यावं.

पोर्टलला पाचपैकी चार. कुठला अर्ज कुठे, हे सामान्य माणसाला सांगण्याच्या बाबतीत दोन, तेही उदार होऊन.